डॉक्टर नाही, पण पब्लिक हेल्थमध्ये जायचंय. एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) करू का? (खानापूर तालुका)

जांबोटीची_लेक

नमस्कार सगळ्यांना, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या पुढं जंगलाकडंचं गाव. आई २००९ पासून आशा कार्यकर्ती (गावातली आरोग्यसेविका) आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) केलं आणि गेली दोन वर्षं एका संस्थेत सर्वेचं काम करते, म्हणजे घरोघरी जाऊन टॅबवर फॉर्म भरायचे. फॉर्म वरून येतो, आम्ही फक्त विचारायचं आणि टिक करायचं.

मागच्या उन्हाळ्यात एक प्रश्न होता, "गेल्या सहा महिन्यांत घरातील कोणी स्थलांतर केले आहे का?" सगळी घरं नाही म्हणायची. मी पण नाही नाही टिक करत चालले होते. एका संध्याकाळी आई सोबत होती, तिनं सहज विचारलं "यंदा काजूला कोण कोण गेलंतं गं?" तर त्याच वाडीत निम्म्या घरांतून हो आलं, कोण फेब्रुवारीपासून गोव्यात, कोण दोडामार्गकडं, नवराबायको पोरासकट. आमच्याकडं काजूला जाणं म्हणजे स्थलांतर नव्हेच, ते दरवर्षीचं काम. आणि २०१६ साली गोव्यात काजूच्या बागेत गेलेल्या आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या मजुरांनाच तो माकडताप (जंगलातल्या गोचिडीच्या चाव्यानं होणारा ताप, माकडं पण त्यानं मरतात) झाला होता ना, म्हणजे हा प्रश्न कुठल्या तरी कोपऱ्यातला फालतू प्रश्न नाहीये. मी ऑफिसात सांगितलं तर म्हणाले फॉर्म फायनल झालाय, आता बदलता येत नाही.

त्या दिवसापासून डोक्यात एकच चालू आहे की फॉर्म बनवणारे जिथं बसतात तिथं आमच्याकडचं कोणीच का नसतं. मला तिथं जायचंय. एमपीएच करायचं मनात आहे पण काय करावं कळंना झालंय. डॉक्टर नसलेल्यांना या फील्डमध्ये कोण विचारतं का? माझी कन्नड कामचलाऊ आहे, वाचता येते पण लिहायला हात थरथरतो. बाबा म्हणतात बीएड कर, गावात शाळा आहे. फी किती लागेल, बेळगावात करावं की बाहेर जावं, आणि मुळात शेवटी नोकरी मिळते का? कोणी केलं असेल तर खरं खरं सांगा.

निवृत्त_आरोग्य_निरीक्षक (चिक्कोडी)

पोरी, तुझा काजूचा किस्सा वाचून मी खुर्चीत नीट उठून बसलो बघ. ३४ वर्षं नोकरी केली मी, आणि हेच सांगत आलो सगळ्यांना.

मी लागलो तेव्हा आमच्या आधीची माणसं सांगायची की पूर्वी मलेरियाचा माणूस वेगळा, देवीची लस टोचणारा वेगळा, कुटुंब नियोजनवाला वेगळा, एकाच घरात तीन तीन जण जायचे आणि कुणालाच अख्खं घर ठाऊक नसायचं. १९७३ ला कर्तारसिंग समितीनं सांगितलं की ही सगळी एक करा, त्यातनं बहुउद्देशीय कार्यकर्ता आला, एक बाई एक गडी, एका उपकेंद्राला. कागदावर ५,००० लोकांमागं एक उपकेंद्र, डोंगरी भागात ३,००० ला एक. आता तू जंगलातली आहेस, तुला सांगायला नको की तिथं ३,००० माणसं गाठायला किती वाड्या पालथ्या घालायला लागतात. बाईची जागा तरी भरतात, गड्याची जागा वर्षानुवर्षं रिकामी. तापाचं रक्त कोण घेणार, पाण्यात क्लोरिन पडलंय का कोण बघणार, मेलेलं माकड दिसलं तर कोण कळवणार? हीच तर पब्लिक हेल्थ ओ, दवाखान्याच्या बाहेरची.

बेळगावची माणसं टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या ग्राउंडवर रोज फिरायला जातात, क्रिकेट खेळतात, पण ते नाव कशावरनं पडलं हे नव्या पोरांना ठाऊक नाही. इंग्रजांच्या काळात तिथं देवीची लस बनायची. २०२१ च्या जानेवारीत कोविडची लस पुण्याहून गाडीनं आली ती पण तिथंच उतरली. एवढं जुनं काम आपल्या गावात झालंय, मग ते काम शिकायला आपल्या पोरांनी का लाजावं?

बीएड वाईट नाही, पण तुला जे दिसलं ते सगळ्यांना दिसत नाही. जा तू.

पीएचसी_डॉक्टर

थोडं कडू बोलतो, राग मानू नका. तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी या जागा डॉक्टरांच्या आहेत आणि एमपीएच केलं म्हणून तुम्हाला त्या मिळणार नाहीत. बिगर डॉक्टर एमपीएचवाल्यांना बहुतेक वेळा एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियानात) कंत्राटी जागा मिळते, जिल्हा पातळीवर प्रोग्राम मॅनेजर, एपिडेमिऑलॉजिस्ट (साथींचा अभ्यास करणारा), नाहीतर एखाद्या संस्थेत प्रोजेक्ट संपेपर्यंत. दरवर्षी रिन्यूअलची वाट बघायची. हे घरी स्पष्ट सांगून मगच निर्णय घ्या, बाबांची काळजी चुकीची नाही.

आता दुसरी बाजू, ती पण खरी आहे म्हणून लिहितो. एमबीबीएसला आम्हाला पीएसएम (प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यक) विषय असतो, पण खरं सांगायचं तर आम्ही तो पास होण्यापुरता वाचतो, सगळ्यांचं लक्ष सर्जरी मेडिसिनकडं. आणि मग २५-२६ व्या वर्षी एकदम ३०,००० लोकसंख्येच्या पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) इनचार्ज करतात. माझ्या पहिल्या पोस्टिंगला एका गावात जुलाबाची साथ आली. मी तीन दिवस सलाइन लावत बसलो, पेशंट येतच राहिले. चौथ्या दिवशी आमच्या सिस्टरनी हात धरून नेल्यासारखं नेलं आणि गटारीत बुडालेली पाण्याची पाइप दाखवली. गावच्या वॉटरमनला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण त्याला विचारलं कोणी होतं? ते तीन दिवस मी अजून विसरलेलो नाही.

१९४६ ला भोर समितीनं लिहून ठेवलंय की डॉक्टरांना शिकतानाच प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं शिक्षण द्या, सोशल फिजिशियन तयार करा. त्यांनी सुचवलेली पीएचसीची इमारत आपण घेतली आणि हा शिक्षणाचा भाग सोडून दिला असं मला वाटतं. तमिळनाडूत १९३९ पासून वेगळा पब्लिक हेल्थ कायदा आहे, वेगळं संचालनालय आहे, तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना पब्लिक हेल्थचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. आपल्याकडं चांगला सर्जन असेल तर त्याला सिनिऑरिटीवर उचलून कार्यक्रम अधिकारी करतात, ऑपरेशन पण गेलं आणि कार्यक्रम पण.

निपाणी_एमपीएच

जांबोटीची लेक, मी तुझ्यासाठीच लॉगिन केलं. माझी आई विडी कामगार, निपाणीत. मी एमपीएच केलं, बाहेरच्या राज्यात, आता सहा वर्षं या कामात आहे. डॉक्टरसाहेबांनी नोकरीचं सांगितलं ते खरं आहे, कंत्राटीच असतं बहुतेक. तरी मी पुन्हा करेन.

आधी शिकायचं काय ते ऐक. एपिडेमिऑलॉजी (आजार कुठं, कुणाला, का होतात याचा अभ्यास), बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याची आकडेवारी), हेल्थ इकॉनॉमिक्स, आरोग्य धोरण, मॅनेजमेंट, आणि शेवटी एक थिसिस. स्टॅटिस्टिक्सला घाबरू नकोस, मी कलाशाखेतून गेले होते, पहिल्या सेमिस्टरला रडले आणि तिसऱ्या सेमिस्टरला इतरांना शिकवत होते. तू जो काजूचा प्रश्न पकडलास ना, त्याला आमच्याकडं मेजरमेंट एरर (मोजण्यातली चूक) म्हणतात, त्यावर अख्खं प्रकरण असतं पुस्तकात, आणि ते तू तुझ्या आईकडून शिकलीस.

कुठं करायचं: बेळगावातच केएलई संस्थेकडं एमपीएच आहे, घरून करता येईल पण फी खाजगी आहे, आधी नीट चौकशी कर. पुणे विद्यापीठात आहे, मुंबईत टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आहे (टिसला आता सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा लागते), मणिपालला आहे. तिरुअनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर, देशातलं पहिलं एमपीएच त्यांनी १९९७ ला सुरू केलं. पात्रता प्रत्येक ठिकाणी वेगळी, काही ठिकाणी नुसत्या बीएसडब्ल्यूवर घेत नाहीत, अर्जाचे पैसे भरायच्या आधी ते वाच. सरकारी संस्था आणि स्कॉलरशिप आधी बघ, कर्ज सगळ्यात शेवटी.

आता जे कुणी सांगत नाही ते. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस होते, शहरातले, इंग्रजी शाळेतले. पालावर वाढलेलं कोणी नाही, धनगरवाड्यातलं कोणी नाही, विडी कामगाराची मी एकटी. आणि हे आपोआप होत नाही. फॉर्मची फी, प्रवेश परीक्षेला शहरात राहायचा खर्च, लॅपटॉप, आणि सगळ्यात मोठं म्हणजे इंटर्नशिप. दोन महिने दिल्लीला बिनपगारी इंटर्नशिप करायची, राहणं खाणं स्वतःचं, आणि नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न तोच, इंटर्नशिप कुठं केली. ज्याच्या घरी परवडतं तो दिल्लीत बसून पॉलिसी शिकतो आणि माझ्यासारखी सुट्टीत घरी येऊन आईसोबत विड्या वळते. मला वाटतं या क्षेत्रात सगळ्या थरातली माणसं यावीत असं खरंच वाटत असेल तर भाषणं देण्याआधी इंटर्नशिपला पगार द्यावा, निम्मा प्रश्न तिथंच सुटेल.

आणि डॉक्टरसाहेब, तुम्ही सर्जनचं लिहिलंत त्याला जोडून. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच लिहिलंय की सगळ्या राज्यांनी पब्लिक हेल्थ मॅनेजमेंट केडर (या कामासाठीची वेगळी सरकारी सेवा) करावं आणि त्यात समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र, नर्सिंग शिकलेली माणसं पण घ्यावीत, पब्लिक हेल्थचं ट्रेनिंग झालेली. २०२२ ला केंद्रानं त्याच्या मार्गदर्शक सूचना पण काढल्या. करायचं राज्यांनी आहे, कारण आरोग्य हा राज्याचा विषय. म्हणजे दार कागदावर उघडलंय, आत जाणारी माणसं तयार पाहिजेत.

सीमावासी_८६५

एवढं सगळं शिकून काय उपयोग? कर्नाटकात नोकरीला गेलं की कन्नडचा पेपर, महाराष्ट्रात गेलं की डोमिसाइल विचारतात. आपल्या पोरांनी दोन्हीकडं तिष्ठत राहायचं. आमच्या गावच्या उपकेंद्रात सगळे फलक कन्नडमध्ये, म्हाताऱ्या बायकांना गोळी जेवणाआधी घ्यायची का नंतर हे पण वाचता येत नाही. आधी हे बदला, मग पोरींना एमपीएच करायला सांगा.

निवृत्त_आरोग्य_निरीक्षक (चिक्कोडी)

सीमावासी, तुमचा राग मला कळतो, गोळीचं तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के बरोबर आहे. औषधाची माहिती पेशंटच्या भाषेत नसेल तर ते औषधच अर्धं दिलं असं मी मानतो. पण ते बदलायला फलक लिहून घेणाऱ्याच्या खोलीत मराठी कळणारं माणूस पाहिजे ना? आणि त्या खोलीत जायचा रस्ता कन्नडमधून जातो, ते नाकारून चालत नाही.

मी स्वतः मराठी शाळेतला. नोकरीत लागल्यावर कन्नड शिकलो, सहा महिने रोज संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचायचो. त्याचा फायदा ऐका. गरोदर बायकांना जे कार्ड देतात त्याला कर्नाटकात तायी कार्ड म्हणतात, कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आपल्या मराठी बायकांना वाटायचं ताई कार्ड, म्हणजे ते नर्सताईंचं कार्ड, आणि त्या ते नर्सताईंकडंच ठेवून जायच्या! बेळगावला दवाखान्यात निघाल्या की कार्ड जवळ नाही, आधीचा बीपी नाही, हिमोग्लोबिन नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसालाच ते गौडबंगाल कळलं, मग आम्ही प्रत्येक घरात सांगत सुटलो की हे तुझं कार्ड, आईचं, ट्रंकेत ठेव. पोरी, तुला मराठी येते आणि कन्नड मोडकीतोडकी येते म्हणतेस, ती कन्नड नीट केलीस तर बेळगाव जिल्ह्यात तुझ्याइतकी कामाची माणसं कमी सापडतील.

आशा_बाय

मी पण आशा आहे, खानापूरकडचीच. मला मोठं लिहायला जमत नाही, पोरगा टाइप करून देतोय.

आम्हाला २०२२ ला डब्ल्यूएचओचा पुरस्कार मिळाला, फोटो बघून बरं वाटलं. पण आशा म्हणून लागलेली बाई १५ वर्षांनी पण आशाच, आम्हाला वर जायला शिडी नाही. मला गावातल्या कुठल्या पोरीला रक्त कमी आहे ते तोंडपाठ आहे. बाळंतपण झाल्यावर ४२ दिवस घरी जाऊन बाळ बघतो, वजन, ताप, छाती, दूध ओढतंय का. मासिक सभेत आकडे विचारतात, ते असं का झालं हे विचारत नाहीत. मला एएनएम (उपकेंद्रातली नर्स) व्हायचं होतं, वय गेलं. काही राज्यांत एएनएमच्या प्रवेशात आशांना आधी घेतात म्हणे, सगळीकडं पाहिजे. आशांच्या पोरींना तरी शिकवा. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग, मीटिंगला भेट झाली असेल आमची.

निपाणी_एमपीएच

आशाताई, तुम्ही ४२ दिवसांचं लिहिलंत म्हणून सांगते, ते काम तुमच्यापर्यंत आलं ते पण गावातल्या बायकांमुळंच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत साध्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, तिथले बालमृत्यू किती कमी झाले ते १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं आणि २०११ ला देशभरच्या आशांच्या कामात ते घेतलं. जामखेडला डॉ. आरोळे दांपत्यानं १९७० पासून अक्षर न येणाऱ्या बायका घेऊन सगळा प्रकल्प उभा केला.

पण मला सगळ्यात जास्त अभिमान आपल्या बेळगावच्या एका कामाचा आहे आणि इथं कोणाला ते माहीतच नसतं. २००२ ते २००५ मध्ये बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत जेएनएमसीनं (बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज) बाहेरच्या विद्यापीठांसोबत एक ट्रायल, म्हणजे औषधाची चाचणी, केली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला मिसोप्रोस्टॉलची गोळी. १,६२० बायका, आणि बाळंतपण करणाऱ्या, गोळी देणाऱ्या, रक्त मोजणाऱ्या २५ एएनएम, खेड्यातल्या आपल्या सिस्टर. जास्त रक्तस्राव होण्याचं प्रमाण नकली गोळी दिलेल्या बायकांत १२ टक्के होतं, खरी गोळी दिलेल्यांत ६.४ टक्के. २०११ ला डब्ल्यूएचओनं त्या वापरासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घातली, त्यामागच्या पुराव्यात आपल्या या २५ सिस्टरांचं काम आहे. रक्त मोजायला त्यांनी खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी वापरली होती, बाईच्या खाली लावायची. तसल्याच खुणांच्या पिशव्या वापरून आफ्रिकेतल्या चार देशांत मोठा अभ्यास झाला, त्याचा निकाल २०२३ ला आला, जगभर गाजला. रक्त डोळ्याच्या अंदाजानं सांगायचं नाही, मोजायचं, एवढीच गोष्ट, पण ती झोपडीत, कंदिलाच्या उजेडात करता येते की नाही हे त्या सिस्टरांनी दाखवलं.

म्हणून डॉक्टर नसलेल्याला कोण विचारतं हा तुझा प्रश्न मी उलटा करते. विचारायला पाहिजेच, कारण काम तीच माणसं करतात. फक्त पेपरवर नाव कोणाचं येतं आणि पुढचा अभ्यास कशावर करायचा हे कोण ठरवतं, तिथं आपण अजून नाही.

पीएचसी_डॉक्टर

ही ट्रायल मला कॉलेजात शिकवली होती, पण २५ एएनएम हे डोक्यात राहिलं नव्हतं. धन्यवाद.

जांबोटीची लेक, एक प्रॅक्टिकल सुचवतो. प्रवेश होईपर्यंत सर्वेची नोकरी सोडू नका, दोन वर्षांचा फील्डचा अनुभव मुलाखतीत फार मोलाचा. आणि तुमच्या पीएचसीच्या डॉक्टरांना भेटून काजूचं सांगा, लेखी द्या. साधारण डिसेंबर ते मे हा माकडतापाचा सीझन, म्हणजे माणसं काजूला जायच्या आधीच वाडीवाडीची यादी हातात आली तर गोचिडीपासून जपायचं कसं, ताप आला तर कुठं जायचं, हे निघण्याआधी सांगता येतं. परत आल्यावर ताप आला तर कुठून आलात हे आम्ही विचारायचं विसरतो. मी तरी विसरायचो.

जांबोटीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, तीनदा वाचलं, आईला पण वाचून दाखवलं. आशाताईंचं ऐकून ती गप्पच झाली आणि मग म्हणाली ती बाई खरं बोलते बघ.

बाबांशी काल बोलले. बेळगावच्या आणि पुण्याच्या फीची चौकशी करून कागदावर मांडून दे म्हणालेत, म्हणजे नाही तरी म्हणाले नाहीत. सीयूईटीचा फॉर्म भरणार. कन्नडसाठी आमच्या पंचायतीतल्या एका मॅडमना विचारलं, रविवारी दोन तास शिकवते म्हणाल्या, मी त्यांच्या पोराला गणित शिकवायचं असं ठरलंय.

डॉक्टरसाहेब, आई आणि मी यादी करायला लागलोय. "स्थलांतर" हा शब्द काढून टाकला, चार प्रश्न केले: काजूला गेलाता का, उसाला गेलाता का, बांधकामाला गेलाता का, कधी परत आलात. परवा एका वाडीत विचारलं तर एक आजी म्हणाली की आणि दगडखाणीला? ते आमच्या दोघींच्या डोक्यात नव्हतं. आता पाच प्रश्न झालेत.

निपाणीच्या ताई, एक विचारायचं राहिलं, स्टॅटिस्टिक्सची भीती घालवायला आत्तापासून घरी काय करू? लॅपटॉप नाही, ऑफिसचा कॉम्प्युटर शनिवारी मिळतो.

निपाणी_एमपीएच

शनिवार पुरे. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) ची बेळगाव जिल्ह्याची फॅक्टशीट डाउनलोड कर, फुकट आहे. सोबत कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्याची पण घे, म्हणजे सीमेच्या पलीकडचं शेजारी ठेवून बघता येईल. रक्तक्षय, पहिल्या तीन महिन्यांतली तपासणी, लसीकरण, एवढेच तीन आकडे एक्सेलमध्ये घाल आणि प्रत्येकापुढं एक वाक्य लिही की हा आकडा असा का असेल. मग आईला दाखव आणि ती काय म्हणते ते तिसऱ्या रकान्यात लिही. झालं की मला मेसेज कर, आपण फोनवर बसून बघू.

आणि दगडखाणीचा प्रश्न तसाच ठेव, काढू नकोस.